'मातृभूमी' आणि मलयाळी वाचकसमाज

१

भारतीय भाषांतील वृत्तपत्रांचा इतिहास बहुधा दोन पद्धतींनी लिहिला गेला आहे. एका पद्धतीत संपादकांची चरित्रे, त्यांचे अग्रलेख आणि तुरुंगवास यांना महत्त्व मिळते. दुसरीत खप, यंत्रसामग्री, आवृत्त्या आणि भांडवल यांचा हिशेब मांडला जातो. दोन्हींतून पत्राची कामगिरी कळते. परंतु ते पत्र वाचणाऱ्या समाजाचे त्या वाचनामुळे काय झाले, हा प्रश्न बाजूला राहतो. कोळिकोडहून १९२३ मध्ये निघू लागलेल्या 'मातृभूमी' या मलयाळम पत्राचा विचार करताना हा प्रश्न टाळता येत नाही.

'मातृभूमी'ने स्वातंत्र्यलढ्याला वाणी दिली, अस्पृश्यतानिवारणाच्या चळवळीची पाठराखण केली, भाषिक राज्याचा पुरस्कार केला, ही तिची सर्वमान्य कामगिरी होय. परंतु तिचे सर्वांत दूरगामी कार्य याच्याही मुळाशी आहे. तीन राजवटींत विभागलेल्या आणि जातिधर्मांच्या काटेकोर भिंतींआड राहणाऱ्या मलयाळी भाषकांना तिने एका पानावर आणले आणि त्यांचा एक वाचकसमाज घडविला. या घडणीत साहित्याचे स्थान अलंकाराचे राहिले नाही. ते तिचे प्रमुख साधन ठरले. म्हणूनच या पत्राचे मूल्यमापन पत्रकारितेच्या इतिहासाइतकेच वाङ्मयेतिहासाच्या कक्षेत येते.

२

मलयाळम नियतकालिकांची परंपरा 'मातृभूमी'हून बरीच जुनी आहे. तलश्शेरीजवळच्या इल्लिक्कुन्नू येथून जर्मन मिशनरी हेर्मान गुंडर्ट यांनी १८४७ मध्ये 'राज्यसमाचारम्' काढले. त्याचा हेतू मुख्यतः धर्मप्रसाराचा होता. १८८७ मध्ये मान्नानम येथून 'नसराणी दीपिका' निघाली. १८९० मध्ये कोट्टयम येथे कंडत्तिल वर्गीस माप्पिळ्ळै यांनी 'मलयाळ मनोरमा' सुरू केली. वर्गीस माप्पिळ्ळै स्वतः साहित्यिक वृत्तीचे होते. १८९२ मधील 'भाषापोषिणी' या मासिकामागेही त्यांचीच प्रेरणा होती. वृत्तपत्र आणि साहित्य यांचे सख्य मलयाळममध्ये अशा रीतीने आरंभापासूनच दिसते. तलश्शेरीच्या 'मितवादी'मध्ये १९०७ साली कुमारन् आशान यांचे 'वीण पूवु' हे खंडकाव्य प्रथम प्रसिद्ध झाले आणि मलयाळम काव्यातील नव्या युगाचा प्रारंभ त्या कृतीपासून मानला जातो, ही गोष्ट याच सख्याची साक्ष देते.

या पत्रांच्या मागे मात्र बहुधा एखादा विशिष्ट समाज उभा असे. 'दीपिका' आणि 'मनोरमा' यांचा आधार सीरियन ख्रिस्ती समाजात होता. 'मितवादी' आणि १९११ मध्ये निघालेली 'केरळ कौमुदी' यांच्यामागे एळवा समाजाच्या जागृतीची प्रेरणा होती. समाजसुधारणेच्या दृष्टीने हे स्वाभाविकच होते. ज्या समाजाला शाळा, नोकरी आणि रस्ता यांसाठीच झगडावे लागत होते, त्याने आपले पत्र आपल्या गाऱ्हाण्यांसाठी चालविले तर त्यात नवल नव्हते.

राजसत्तेशी उघड संघर्ष करणारे पत्र म्हणून 'स्वदेशाभिमानी'चा उल्लेख करावा लागतो. वक्कम मौलवी यांच्या मालकीच्या या पत्राचे संपादक के. रामकृष्ण पिळ्ळै यांना त्रावणकोर दरबाराने १९१० मध्ये हद्दपार केले आणि छापखाना जप्त केला. त्याआधी दोनच वर्षे 'केसरी'तील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांना मंडालेची शिक्षा झाली होती. मराठी वाचकाला हे साम्य सहज जाणवेल. भेदही ध्यानात घ्यावा लागेल. 'केसरी'समोर परकी सत्ता होती. 'स्वदेशाभिमानी'समोर स्वभाषक राजाचे दिवाण होते. केरळातील पत्रकारितेला आपल्याच माणसांच्या सत्तेशी आणि आपल्याच समाजाच्या रूढींशी झुंजावे लागणार होते, याची ती पूर्वसूचना होती.

३

'मातृभूमी'चा जन्म मलबारात झाला. हा प्रदेश मद्रास इलाख्याचा भाग असल्याने थेट ब्रिटिश अंमलाखाली होता. कोचीन आणि त्रावणकोर ही संस्थाने त्याच्या दक्षिणेस होती. १९२१ च्या उठावाने मलबार हादरून गेला होता. त्या उठावात जमीनधारणेतील अन्याय, खिलाफतीचा आवेश, धार्मिक हिंसा आणि सरकारी दडपशाही यांची गुंतागुंत होती. त्यानंतर हिंदू-मुसलमानांमध्ये संशय पसरला आणि काँग्रेसचे कार्य जवळजवळ थंडावले. के. पी. केशव मेनन आणि के. माधवन नायर हे दोन वकील काँग्रेस कार्यकर्ते या काळातून होरपळून गेले होते. माधवन नायर यांनी पुढे त्या उठावाचा वृत्तान्त लिहिला आणि तो त्यांच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपाने आला. या पार्श्वभूमीवर लोकांकडून भागभांडवल जमवून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृत्तपत्राची संस्था उभी केली. केशव मेनन पहिले संपादक झाले.

पहिला अंक १८ मार्च १९२३ रोजी निघाला. एक वर्षापूर्वी याच दिवशी महात्मा गांधींना शिक्षा झाली होती. आठवड्यातून तीनदा निघणारे हे पत्र ६ एप्रिल १९३० रोजी दैनिक झाले. दांडीला मिठाचा कायदा मोडला गेला तो हाच दिवस. या दोन तारखा योगायोगाच्या नाहीत. जन्मपत्रिकेसाठी राष्ट्रीय चळवळीची दिनदर्शिका वापरणारे हे पत्र आपल्या वाचकाला आरंभापासून सांगत होते की, त्याचा काळ आता मंदिराच्या उत्सवांनी किंवा राजाच्या वाढदिवसांनी मोजला जाणार नाही. दूर गुजरातेतील घटना हा कोळिकोडच्या वाचकाच्या आयुष्यातील दिवस झाला. वृत्तपत्र समाजाला बातमीबरोबर काळाचे एक मापही देते, याचे याहून नेमके उदाहरण क्वचित सापडेल.

४

पत्र एक वर्षाचे झाले आणि लगेच ३० मार्च १९२४ रोजी वायकोमचा सत्याग्रह सुरू झाला. वायकोमच्या महादेव मंदिराभोवतालच्या सार्वजनिक रस्त्यांवरून अवर्णांना जाण्याची मनाई होती. ही मनाई मोडण्यासाठी टी. के. माधवन, के. केळप्पन आणि केशव मेनन यांनी पुढाकार घेतला. एप्रिलमध्ये केशव मेनन यांना अटक झाली. ज्या पत्राचा संपादक स्वतःच बातमीचा विषय होऊन तुरुंगात जातो, त्या पत्राला तटस्थ निरीक्षकाची भूमिका घेता येत नाही. 'मातृभूमी'ने ती घेतलीही नाही. येथे राजवटींचा प्रश्नही विचारात घ्यावा लागतो. वायकोम त्रावणकोर संस्थानात होते आणि पत्र ब्रिटिश मलबारातून निघत होते. त्रावणकोरमधील एका रस्त्याचा प्रश्न मलबारातील वाचकाने आपला मानावा, ही अपेक्षा त्या काळी नवी होती. १९२५ च्या अखेरीस मंदिराच्या तीन बाजूंचे रस्ते खुले झाले. पूर्वेकडचा रस्ता मात्र १९३६ च्या मंदिरप्रवेश घोषणेपर्यंत बंदच राहिला. यश अपुरे होते. पण सीमेपलीकडच्या अन्यायाविषयी एकत्र बोलण्याची सवय वाचकांना लागली.

१ नोव्हेंबर १९३१ रोजी सुरू झालेला गुरुवायूरचा सत्याग्रह मलबारातच झाला आणि त्याचे नेते केळप्पन हे काही काळ 'मातृभूमी'चे संपादकही होते. १९३२ मध्ये त्यांनी आमरण उपोषण आरंभिले आणि गांधीजींच्या आग्रहावरून ते सोडले. त्यानंतर पोन्नानी तालुक्यातील सवर्ण हिंदूंचे मत अजमावण्यात आले, तेव्हा बहुमत मंदिरप्रवेशाच्या बाजूने पडले. या मतगणनेचा प्रत्यक्ष परिणाम तत्काळ झाला नाही. गुरुवायूरचे दार सर्व हिंदूंना १९४७ मध्ये उघडले. परंतु शास्त्राधाराने ठरणारा प्रश्न लोकमताने ठरविता येतो, ही कल्पनाच क्रांतिकारक होती. आणि लोकमत नावाची वस्तू अस्तित्वात येण्यासाठी छापील मजकुराचा, त्यावरील वादाचा आणि तो वाद घरोघरी नेणाऱ्या पत्राचा आधार लागतो. चहाच्या दुकानात एकाने मोठ्याने वाचायचे आणि इतरांनी ऐकून वाद घालायचा, ही केरळातील वृत्तपत्रवाचनाची रीत सर्वपरिचित आहे. अंकाच्या एका प्रतीमागे किती कान होते, याचा हिशेब खपाच्या आकड्यांत मिळत नाही.

५

समान वाचनाला समान भाषा लागते. मलबार, कोचीन आणि त्रावणकोर येथील मलयाळमच्या बोलींत, शब्दसंग्रहात आणि उच्चारांत अंतर होते; जातिपरत्वे बदलणारी रूपेही होती. मलयाळम गद्याला एका बाजूने संस्कृतचे ओझे आणि दुसऱ्या बाजूने इंग्रजी वाक्यरचनेचे दडपण असे. सर्वांना समजेल असे आणि तरीही शिथिल नसलेले गद्य घडविण्याचे काम वृत्तपत्रांना करावे लागले. 'मातृभूमी'च्या बाबतीत या कामाशी एका मोठ्या समीक्षकाचे नाव जोडलेले आहे. संस्कृत पंडित कुट्टिकृष्ण मारार हे अनेक वर्षे या पत्रात मुद्रितशोधक होते. मलयाळम गद्यशैलीची चिकित्सा करणारा 'मलयाळ शैली' आणि महाभारतातील व्यक्तिरेखांचा निर्भय पुनर्विचार करणारा 'भारतपर्यटनम्' हे त्यांचे ग्रंथ मलयाळम समीक्षेतील मानदंड ठरले. ज्या टेबलावर रोजच्या बातम्यांतील अशुद्धे काढली जात, त्याच टेबलामागे व्यासाशी वाद घालणारी प्रज्ञा बसलेली होती. वृत्तपत्राच्या कचेरीत विद्वत्तेला असे स्थान मिळणे, आणि विद्वत्तेनेही ते कमी प्रतीचे न मानणे, ही दोन्ही चिन्हे त्या संस्थेच्या प्रकृतीवर प्रकाश टाकतात.

एप्रिल १९४७ मध्ये त्रिशूर येथे भरलेल्या ऐक्य केरळ परिषदेचे अध्यक्ष केळप्पन होते आणि या चळवळीत केशव मेनन यांनीही नेतृत्व केले. केरळ राज्य १ नोव्हेंबर १९५६ रोजी अस्तित्वात आले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याशी परिचित असलेल्या वाचकाला भाषिक राज्याच्या मागणीतील भावना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. केरळाचे वैशिष्ट्य इतकेच की, नकाशावर राज्य येण्यापूर्वी तीन दशके ते वाचकांच्या मनात आकार घेऊ लागले होते. १९६२ मध्ये 'मातृभूमी'ने कोचीहून दुसरी आवृत्ती काढली, तेव्हा पत्राचा भूगोल राज्याच्या भूगोलाशी जुळू लागला. १९६६ मध्ये 'मनोरमा' कोळिकोडला आली. उत्तर आणि दक्षिण यांची ही अदलाबदल व्यापारी स्पर्धेतून झाली असली, तरी तिच्यामुळे मलयाळी वाचकाला प्रथमच आपल्या गावातच दोन परंपरांची पत्रे तुलनेने वाचण्याची सोय झाली.

६

साहित्याच्या दृष्टीने निर्णायक ठरले ते १९३२ मध्ये सुरू झालेले 'मातृभूमी' साप्ताहिक. दैनिकाची पुरवणी म्हणून त्याकडे पाहणे चुकीचे होईल. एस. के. पोट्टेक्काट यांची प्रवासवर्णने, उरूब आणि माधविकुट्टी यांच्या कथा, वैलोप्पिळ्ळी आणि इडश्शेरी यांच्या कविता अशा लेखनाने त्याची पाने भरली. कवी आणि बहुभाषाविद् एन. व्ही. कृष्ण वारियर यांच्या संपादनकाळात त्याची बौद्धिक कक्षा रुंदावली. कथा-कवितांच्या शेजारी विज्ञान, इतिहास, भाषाशास्त्र आणि इतर भाषांतील साहित्य यांनाही जागा मिळाली. १९५४ मध्ये जागतिक लघुकथा स्पर्धेच्या निमित्ताने 'मातृभूमी'ने घेतलेल्या मलयाळम स्पर्धेत एम. टी. वासुदेवन नायर या तरुणाच्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे तोच तरुण साप्ताहिकात उपसंपादक झाला आणि १९६८ मध्ये त्याचा संपादक. डिसेंबर २०२४ मध्ये एम. टी. निवर्तले, तेव्हा श्रेष्ठ कादंबरीकाराइतकेच नव्या लेखकांना ओळखणारे संपादक म्हणूनही त्यांचे स्मरण झाले.

१९६१ ते १९७३ या काळात जी. अरविंदन यांची 'लहान माणसे आणि मोठे जग' या अर्थाच्या नावाची चित्रमालिका या साप्ताहिकात चालली. रामू नावाच्या बेकार सुशिक्षित तरुणाच्या निमित्ताने तिने मध्यमवर्गीय आदर्शवादाची घसरण रेखाटली. चित्रांतून लिहिलेली ती जवळजवळ एक कादंबरीच होती. १९६८ मध्ये ओ. व्ही. विजयन यांची 'खसाक्किन्टे इतिहासम्' क्रमशः प्रसिद्ध झाली. पालक्काडच्या परिसरातील एका खेड्यात एकशिक्षकी शाळा चालवायला आलेल्या रवीची ही कथा, तिच्यातील बोलीचे मिश्रण आणि काळाची विस्कळीत जाणीव, हे सारे त्या वेळच्या वाचकाला अपरिचित होते. तरीही ती पहिल्यांदा हजारो सामान्य वर्गणीदारांच्या हाती गेली. वाङ्मयीन जाणकारांच्या लहान वर्तुळापुरती राहिली नाही.

मराठी साहित्याशी तुलना केली असता या वस्तुस्थितीचे महत्त्व स्पष्ट होते. मराठी नवकथा आणि नवकविता यांचे पोषण 'सत्यकथे'सारख्या निखळ वाङ्मयीन मासिकाने केले. साठोत्तरी पिढीने त्या मासिकाच्या अभिरुचीविरुद्ध लघुनियतकालिकांतून बंड केले. दैनिक वृत्तपत्रे या साऱ्या घडामोडींच्या काठावर राहिली. मलयाळममध्येही एम. गोविंदन यांचे 'समीक्षा' किंवा अय्यप्प पणिक्कर यांचे 'केरळ कविता' अशी नियतकालिके होतीच. परंतु आधुनिकतेची प्रमुख कादंबरी एका वृत्तपत्रसंस्थेच्या साप्ताहिकातून घराघरांत पोचली. त्यामुळे मलयाळी वाचकाला नवे साहित्य कळले नाही तरी ते त्याच्या परिघाबाहेर राहिले नाही. त्याला त्यावर चिडण्याचा, पत्रे लिहिण्याचा आणि हळूहळू ते आपलेसे करण्याचा अवसर मिळाला. मुलांचे पान 'कुट्टेट्टन' या नावाने पाहणारे कवी कुंञुण्णी यांनी शालेय वयातील मुलांचे लेखन तपासून, त्यांना उत्तरे देऊन पुढच्या पिढीचे लेखक घडविले. वाचकाला लेखक होण्याची वाट पत्राच्या आतूनच जात होती. १८ एप्रिल १९९१ रोजी कोळिकोड येथे केरळ पूर्ण साक्षर झाल्याची घोषणा झाली; तिचे श्रेय मोहिमेच्या कार्यकर्त्यांचे आहे. पण अक्षर ओळखल्यानंतर वाचावे असे काही घरात येत होते, हेही त्या साक्षरतेच्या टिकाऊपणाचे एक कारण मानावे लागेल.

७

असे असले तरी 'मातृभूमी'ने घडविलेला वाचकसमाज हा सर्व मलयाळी समाज होता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तिच्या संस्थापकांत सवर्ण हिंदू वकील आणि जमीनधारक घराण्यांतील सुशिक्षित यांचे प्राबल्य होते. पत्राच्या नावातील 'मातृभूमी' नेमकी कोणाची, हा प्रश्न कोळिकोडमध्येच इतर पत्रांनी विचारला. मुहम्मद अब्दुरहिमान यांनी १९२४ मध्ये 'अल् अमीन' काढले. राष्ट्रवादी मुसलमानाला स्वतःचे व्यासपीठ लागावे, यातच तत्कालीन राष्ट्रीय पत्रांची मर्यादा दिसते. १९३४ मध्ये तलश्शेरीहून मुस्लिम लीगच्या विचारांची 'चंद्रिका' निघाली आणि पुढे कोळिकोडला स्थिरावली. १९४२ मध्ये साम्यवादी पक्षाचे 'देशाभिमानी' कोळिकोडहूनच सुरू झाले आणि १९४६ मध्ये दैनिक झाले. कूळ आणि मजूर यांची बाजू तेथे ज्या भाषेत मांडली गेली, ती भाषा गांधीवादी सुधारकांची नव्हती.

या पत्रांना केवळ प्रतिस्पर्धी मानणे अपुरे ठरेल. एका शहरातून निघणाऱ्या या पत्रांनी परस्परांना उत्तरे दिली आणि त्या उत्तर-प्रत्युत्तरांतून केरळातील सार्वजनिक वादाची पद्धत घडली. 'मातृभूमी'चा मोठेपणा या वादात ती एकटी होती यात नाही. या वादाला सामायिक भाषा आणि दीर्घ स्मरणशक्ती देण्यात तिचा वाटा सर्वांत मोठा होता. अनेक विचारांच्या लेखकांनी आपले ललित लेखन तिच्या साप्ताहिकाकडे पाठविले, यावरून साहित्याच्या पानांवर तिने आपल्या राजकीय भूमिकेहून अधिक मोकळीक ठेवली होती असे दिसते.

८

या मोकळिकीची कसोटी जुलै २०१८ मध्ये लागली. एस. हरीश यांची 'मीशा' ही कादंबरी साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील कुट्टनाड प्रदेशात घडणाऱ्या या कादंबरीत एका दलित माणसाला नाटकात पोलिसाची भूमिका मिळते आणि त्यासाठी वाढविलेली मिशी तो नंतर उतरवायला नकार देतो. त्या मिशीमुळे गावाला त्याची भीती वाटू लागते आणि त्याच्या भोवती दंतकथा रचल्या जातात. तीन प्रकरणे प्रसिद्ध झाल्यानंतर, स्त्रियांच्या मंदिरात जाण्याविषयी दोन पात्रांमधील संवादावरून हिंदुत्ववादी संघटनांनी आक्षेप घेतला. लेखकाला आणि त्याच्या कुटुंबीयांना धमक्या आल्या आणि हरीश यांनी कादंबरी मागे घेतली. ऑगस्टमध्ये ती ग्रंथरूपाने दुसऱ्या प्रकाशनसंस्थेकडून आली. ५ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर बंदी घालण्याची मागणी फेटाळली. त्याच वर्षी साप्ताहिकाच्या संपादकपदी बदल झाला आणि संपादक कमलराम सजीव संस्थेबाहेर पडले. पुढे कादंबरीला केरळ साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि तिच्या इंग्रजी अनुवादाला २०२० चा जेसीबी पुरस्कार मिळाला.

या घटनेकडे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील आघाताचे एक उदाहरण म्हणून पाहता येते आणि ते योग्यही आहे. परंतु 'मातृभूमी'च्या इतिहासात तिला आणखी एक अर्थ आहे. १९२४ मध्ये या पत्राने मंदिराच्या रस्त्यावरून कोणी जावे हा प्रश्न सार्वजनिक केला. १९३१ मध्ये मंदिराच्या दारातून कोणी आत जावे हा प्रश्न विचारला. २०१८ मध्ये मंदिरात जाणाऱ्यांविषयी एका कादंबरीतील पात्राने काय बोलावे, यावर क्षोभ उसळला. पूर्वी क्षुब्ध रूढींसमोर पत्राचे संपादक उभे राहत असत. येथे लेखक बहुतांशी एकटा पडला. वाचकसमाज एकसंध नसतो, त्यातला एक भाग दुसऱ्याचे तोंड बंद करण्याइतका प्रबळ होऊ शकतो, आणि समाज घडविणाऱ्या संस्थेलाही त्या समाजाच्या रोषाला सामोरे जावे लागते, हे येथे उघड झाले.

तथापि, याच घटनेत त्या घडणीचे सामर्थ्यही दिसले. कादंबरी थांबल्यावर ती वाचण्याची मागणी वाढली. लेखक आणि वाचक तिच्या बाजूने बोलले. काही आठवड्यांतच ती पुस्तकरूपाने हाती आली. पात्राचे बोलणे आणि लेखकाचे मत यांतील फरक हा वाङ्मयाच्या वर्गातील मुद्दा असतो. त्यावर या वेळी साध्या वाचकानेही वाद घातला. असा वाचक एका दिवसात तयार होत नाही. 'खसाक्किन्टे इतिहासम्' आठवड्याआठवड्याने वाचून, न कळल्यास त्रासून आणि तरीही पुढच्या अंकाची वाट पाहून जी वाचनसंस्कृती रुजली, तिचाच तो वारस होता.

मार्च २०२३ मध्ये 'मातृभूमी'ला शंभर वर्षे पूर्ण झाली. शतकभरात तिची यंत्रे, मालकीचे स्वरूप आणि आवृत्त्यांची संख्या बदलली. बातमीचे काम दूरचित्रवाणीने आणि भ्रमणध्वनीने वाटून घेतले. परंतु क्रमशः छापलेल्या कादंबरीचे पुढचे प्रकरण अनेक घरांत एकाच आठवड्यात वाचले जाणे, आणि त्यावर निरनिराळ्या जातिधर्मांच्या माणसांनी एकाच भाषेत भांडणे, हे काम करणारी दुसरी संस्था अद्याप दिसत नाही. म्हणून या पत्राकडून वाङ्मयाची अपेक्षा आजही वेगळी आहे. तिच्या संपादकांनी एकेकाळी रस्त्यासाठी तुरुंग पत्करला; तिच्या पानावर आलेल्या कादंबरीचे शेवटचे प्रकरण त्याच पानावर यावे, इतकी खात्री लेखकाला देणे हे त्या वारशाचे किमान मोल ठरते.